आधी पाणी, गॅस शेवटी

इस्माईलचाचा,

तुमची बातमी आली तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं ते सांगते. लाज वाटते, तरी सांगते. मी पत्रकाचा मथळा लिहिला. 'दुसऱ्यांना गारवा देता देता इस्माईलचाचांचा बळी!!!' उद्गारचिन्हं तीन. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि अंगठे मोबाईलवर पळत होते. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत तुमच्या मारेकऱ्यांची यादी तयार होती. याटचे मालक, मे महिन्याचं ऊन, इंजिनाशेजारची ती बिनहवेची बिळं, ज्यांत तुम्ही साठी उलटल्यावरही श्वास सोडून आडवे शिरायचात. सगळं खरं वाटत होतं. असेलही.

मग तुमचा आवाज आला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तुम्हाला ठाऊक आहे. सवयीने कानात बसलेला आवाज. "तपासलंस?"

नव्हतं तपासलं. त्या दिवशी तुम्ही कुठल्या बोटीवर गेलाच नव्हतात. दुपारी जेवून पडलात, छातीत कळ आली, आणि रिक्षा अलिबागच्या वाटेवर असतानाच सगळं आटोपलं. त्या बिळांनी आणि त्या उन्हाने तुमचं काळीज किती झिजवलं, मला माहीत नाही. राग आहे, माहिती नाही. या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे मला तुम्ही शिकवलंत, आणि तुमच्याच मरणावर मी ते विसरायला निघाले होते. मथळा पुसला. अकरा दिवस एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण काल सुनावणी झाली आणि तिथे मी जे बोलले ते तुम्हाला सांगायला हवं.

पण हे इतरही वाचणार, म्हणून आधी थोडं मागचं. तुम्ही चहा घ्या तोवर.

रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी एका कंपनीला खाजगी जेट्टी बांधायचीय, श्रीमंतांच्या याट लावायला. बांधायचीय नेमकी तिथे, जिथे आमच्या होड्या लागतात आणि बायका जवळा सुकवतात. त्याविरुद्ध गावाची समिती आहे आणि समितीची पत्रकं मी लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. चार ओळींत वाचणारा पेटला पाहिजे, असं मला शिकवलं गेलं, आणि ते मला जमतं.

गेल्या दिवाळीनंतर याटचा हंगाम सुरू झाला. धक्क्यावर उभी असताना दोन खलाशांचं बोलणं कानावर पडलं.

"काय रं, मुतते काय?"

"व्हय, सकालपासनं मुतते हाय. जोरात."

समोर एक पांढरीशुभ्र याट, आणि तिच्या कुशीतल्या भोकातून खाडीत पडणारी धार. मी फोटो काढला. संध्याकाळी पत्रक तयार. 'श्रीमंतांच्या बोटी आपल्या खाडीत मुततात!' खाली बारा मुद्दे. पहिलाच मुद्दा: याटवरचा मैला दिवसरात्र खाडीत सोडला जातो, हा पाहा पुरावा.

माझं आजवरचं सगळ्यात गाजलेलं पत्रक. मुरूडपासून अलिबागपर्यंत मोबाईलवर फिरलं. मासळीच्या बाजारात बायका मोठ्याने वाचत होत्या आणि हसत होत्या. मी दोन दिवस हवेत होते.

चौथ्या दिवशी तुम्ही आमच्या दारात उभे राहिलात. चष्म्याच्या दांडीला जाळ्याचा नायलॉन दोरा, खांद्यावर तांदळाच्या गोणीची शिवलेली हत्यारांची पिशवी. बोटींचे एसी दुरुस्त करणारे मेकॅनिक तुम्हीच, हे मला ठाऊकही नव्हतं. हातात ओला, काळपट गोळा होता.

"पत्रक लिहिणारी तूच काय गो?"

"हो. का?"

"मग ह्ये तुझं हाय. घे."

जाळ्याचा तुकडा, आणि त्यात चेंगरून बसवलेलं माझं पत्रक. 'मुततात' तेवढं वाचता येत होतं.

"बोटीच्या भोकातनं काढलं. तीन तास गेले माझे. आधी तळाचा कॉक, पाण्याची तोटी, बघितला, मग जाळी उघडली, मग पंप सोडला, मग नळ्या. शेवटी बाहेरनं वाकून बघतो तर भोकात छापखाना!"

माझा आतेभाऊ नितेश तेव्हा आमच्याच ओटीवर भजी खात बसला होता. गोळा बघून त्याचा घास अडकला. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, चाचा, खरंच. माझं पत्रक वाचून तो ओहोटीला पोहत गेला होता आणि खाडी वाचवण्यासाठी भोक बुजवून आला होता. मला मनातून त्याचा अभिमानच वाटला.

"बुजवलं तर बुजवलं," मी म्हटलं. "घाण तर थांबली."

"घाण? तू वास घेतलास?"

"दिसत होतं की."

"हात लावलास?"

"असल्या पाण्याला कोण हात लावेल?"

"चल," तुम्ही म्हणालात. आणि मी का कोण जाणे, चपला घालून तुमच्या स्कूटरवर बसले.

याटची धार परत सुरू झाली होती. तुम्ही मला खाली फळीवर वाकायला लावलंत. हात धर. धरला. पाणी कोमट होतं. आता चाट. मी तुमच्याकडे बघतच राहिले. "मी चाटतो आधी," म्हणालात आणि ओंजळ भरून जीभ लावलीत. मग मी. खारट. नुसती खाडी. तुम्ही तिथेच गुडघ्यावर बसून मला समजावलंत. घरातला एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या पंख्याने हवेत टाकतो, बोटीतला ती समुद्राला देतो. तळाच्या भोकातून पाणी आत येतं, जाळीत कचरा अडतो, पंप ते पुढे ढकलतो, ते नळ्यांमधून फिरतं, केबिनची उष्णता घेतं आणि कुशीतून बाहेर पडतं. जसं आत गेलं तसंच बाहेर, फक्त थोडं गरम. संडासाची वाट वेगळी, त्याची टाकी वेगळी.

"आणि खलाशी मुतते म्हणाले ते?"

"अगो, मीच शिकवलंय त्यांना. फोन आला की माझा पहिला सवाल, मुतते काय? धार पडते म्हणजे पाणी फिरतंय, एसी जिवंत हाय. धार बंद म्हणजे आजारी. माणसाचं काय वेगळं असतं?"

मी हसले नाही. मी विचारलं, "मग ती संडासाची टाकी कुठे रिकामी करतात?"

"हां! हा सवाल बरोबर. तो विचार, छाप, बोंब मार. पण तू सवाल विचारला न्हाईस. तू जबाब छापलास."

"भाषेचा घोळ झाला," मी म्हटलं.

"भाषेचा न्हाय. तुझा झाला."

त्या याटवरचे खलाशी काशीदचे होते. त्यांच्या बायकांना बाजारात काय काय ऐकावं लागलं ते तुम्ही मला परतताना सांगितलंत. स्कूटरवर तुमची पाठ माझ्याकडे होती म्हणून बरं. मी म्हटलं, पुढच्या पत्रकात बघू. तुम्ही म्हणालात, तोवर चार रविवार माझ्याबरोबर ये. आधी बोटीला बघायला शीक, मग बोटीवर लिही.

चार रविवारांचा अख्खा हंगाम झाला.

मला आधी वाटलं, तुम्ही मला मालकांच्या बाजूला ओढताय. मी वहीत दर वेळी 'सावध' असं लिहायचे. पण ज्याला बाजू म्हणावं असं तुम्ही काही बोलायचातच नाही. तुम्ही फक्त क्रम सांगायचात. एसी गार करत नाही म्हटलं की सगळ्या जगाचं एकच ठरलेलं: गॅस गेलाय. मालक तेच म्हणायचा, मॅनेजर तेच, मुंबईहून येणारे शिकलेले मेकॅनिक तर उतरतानाच गॅसची टाकी खांद्यावर घेऊन उतरायचे. आणि तुम्ही फोनवर ओरडणाऱ्या त्या मॅनेजरला, जो मुलगा म्हणावा इतका लहान आणि तुम्हाला अरेतुरे करणारा, शांतपणे सांगायचात, "साहेब, गॅस बंद नळीत असतो. पेट्रोलसारखा तो जळून संपत न्हाय. कमी झाला असला तर कुठेतरी भोक हाय, आणि भोक न बघता भरला तर परत जाईल. आधी पाणी बघतो, गॅस शेवटी."

मला त्याच्या अरेतुरेचा इतका संताप यायचा की एकदा मी फोन हिसकावून घेतला होता. आठवतं? तुम्ही माझ्या हातातून परत घेतलात आणि त्यालाच म्हणालात, "माझी पोरगी हाय, जरा गरम हाय. हिच्यातलं पण पाणी बघावं लागेल." तो हसला. मी तुमच्याशी मुरूडपर्यंत बोलले नाही.

पण क्रम मी शिकले. जाळी उघडली की एखाद्या दिवशी जेलीफिश, एखाद्या दिवशी शेवाळ, एखाद्या दिवशी वेफर्सचं पाकीट. "हे पत्रकात घालू का?" मी विचारलं. "घाल की. पाकीट आपल्याच गावच्या दुकानातलं हाय, तेवढं पण घाल." रंगकामाला वर काढलेली बोट पाण्यात परत सोडली की पंप गुणगुणायचा पण धार यायची नाही. नळीत हवा अडकलेली असायची. तुम्ही नळीचा सांधा जरासा सैल करायचात, फुस्स व्हायचं, आणि मग पाणी. त्या फुस्सवर तुम्ही दर वेळी तितकेच खूश व्हायचात. पंप कोरडा चालवायचा नाही, हे तुम्ही मला इतक्यांदा बजावलंत की मी एकदा चिडून म्हटलं, चाचा, मी काय दगड आहे का? तुम्ही म्हणालात, दगड एकदा सांगितलेलं विसरत तरी न्हाय.

आणि तो तळहाताचा नाही, हाताच्या पाठीचा स्पर्श. तुमच्याकडे आखातात कामाला असताना आणलेली, दाब आणि उष्णता मोजायची मापं होती, कापडात गुंडाळलेली, चांगली. पण आधी नळीला हाताची पाठ लावायचात. जाणारी गार, येणारी कोमट, म्हणजे ठीक. दोन्ही गार म्हणजे उष्णता उचललीच जात नाही. येणारी चटका देणारी म्हणजे पाणी अपुरं. मी रविवारी संध्याकाळी घरी आले की आईच्या कपाळाला, चहाच्या कपाला, शेजारच्यांच्या मोटरसायकलला हाताची पाठ लावून बघायचे. आई म्हणायची, हिला काय लागलंय?

तुमच्या घरी आले की तुम्ही ओरडायचात, "जुबेदा, पत्रकवाली आली. कप लपव, फोटो काढील." आणि चाची आतून, "काढू दे, निदान त्या निमित्ताने तू दाढी करशील." मला तुमचं घर आवडायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आमच्यात असली वाक्यं कोणी बोलत नाही, आणि पत्रकात तर त्यांना जागाच नसते.

फेब्रुवारीत आपलं ते भांडण झालं. याटच्या मालकाने तुम्हाला वाकवून वाकवून काम करून घेतलं होतं आणि आत केबिनमध्ये पाहुणे गार हवेत पत्ते खेळत होते. तुम्ही बिळातून बाहेर आलात ते घामाने निथळत, आणि वर म्हणालात, बघ, आता मस्त गार लागत असेल त्यांना. मला राहवलं नाही.

"तुम्ही त्यांची बाजू का घेता?"

"मी कोणाची बाजू घेत न्हाय गो. मी एसी बघतो."

"तीच तर बाजू झाली."

तुम्ही पिशवी आवरलीत. स्कूटरवर एक शब्द नाही, चहावर नाही. मला वाटलं, जिंकले. पहिल्यांदाच जिंकले.

दोन दिवसांनी तुम्ही बोलावलंत. परसात नेलंत. नारळाच्या बुंध्याशी निळे प्लास्टिकचे कॅन ओळीने ठेवलेले.

"पत्रकवाली, बोटीतल्या नळ्यांत शिंपले धरतात, खार धरतो. तो काढायला पातळ अ‍ॅसिड फिरवावं लागतं. फिरवून झालं की ते पाणी कुठं जातं, विचार."

"कुठं जातं?"

"विचारलं न्हाईस तू कधी. हंगामभर माझ्याबरोबर फिरलीस."

"चाचा, कुठं जातं?"

"खाडीत. सगळे ओततात. मी पण ओतलं, कैक वर्षं. तुझ्या त्या धारेत काय न्हाय, पण ह्यात हाय."

मग तुम्ही बसलात. तुम्ही बसलेले मला क्वचितच दिसायचात, एक तर वाकलेले किंवा आडवे. धक्क्याच्या दक्षिणेला जिथे ओतायचात, त्या दगडावरची कालवं मेली, म्हणालात. आमच्या समितीची पारूमावशी, जी त्याच दगडावरून कालवं काढून विकायची, तिने तुम्हाला विचारलं होतं, चाचा, हितलीच कालवं का मेली?

"मी म्हटलं, उन्हानं."

त्यानंतर तुम्ही ओतणं बंद केलंत. अ‍ॅसिडचं पाणी कॅनमध्ये भरून स्कूटरवरून घरी आणायला लागलात, खायचा सोडा घालून शांत करायला लागलात. तरी तळाला हिरवा गाळ उरायचा, नळ्यांतल्या तांब्याचा. तो कुठे टाकायचा हे तुम्ही मालकांना विचारलंत, कोणी सांगितलं नाही. दोन वर्षांचे कॅन परसात साठले होते.

"आता लिही," म्हणालात. "पहिला मुद्दा काढ, हा घाल. माझं नाव घालून."

"नाही."

"का?"

"मी गावच्या माणसावर लिहीत नाही."

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला अजून कुठे ठेवावं कळत नाही. "म्हणजे परक्यावर खोटं लिहिशील, आणि आपल्यावर खरं न्हाय?"

मी चहा न घेता उठले. चाची मागून हाका मारत होती. मी चिडले होते, कारण तुम्ही बरोबर होतात, आणि कारण तुमची ही कबुली माझ्या 'तीच तर बाजू झाली' या एका वाक्यातून निघाली होती. मला भांडण जिंकायचं होतं. तुम्ही ते मनावर घेऊन घरी जाल, परसात दोन दिवस फिराल आणि स्वतःलाच उघडून बघाल, असं मला वाटलंच नव्हतं. माझ्या पत्रकाने असं आजवर कोणाचं झालं नाही. पेटतात सगळे. उघडत कोणी नाही.

नंतर आपण बोललो, पण त्या विषयावर मी तुम्हाला टोलवत राहिले. जेट्टीची सुनावणी होऊ दे, मग दुरुस्ती छापू. तुम्ही म्हणायचात, सुनावणीच्या आधी छाप, पंप जळल्यावर जाळी साफ करून काय करणार? मी म्हणायचे, बघू. शेवटचा फोन तुम्ही जायच्या तीन दिवस आधीचा.

"मी येऊ काय सुनावणीला? मीच उभा राहून सांगतो. तुला लिहायला नको."

"तुम्ही येऊ नका चाचा. तुमची कामं जातील."

"बरं. बघ तू."

तुमची कामं जातील, ही माझी थाप होती. मला भीती होती की तुम्ही बोललात तर आमची बाजू पडेल. कंपनीचा वकील म्हणेल, बघा, खाडी नासवणारे तर तुमच्याच गावचे. तुमच्या पोटापाण्याच्या काळजीचा आव आणून मी तुम्हाला गप्प बसवलं. तुम्हाला ते कळलं असणार. नळीला हाताची पाठ लावणाऱ्या माणसाला माझा आवाज कळणार नाही? तरी बघ तू म्हणालात, आणि मग मला बघायला एकटीला ठेवून गेलात.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी चाचीकडे गेले. ती इद्दतीत आहे, नवरा गेल्यावर पाळायच्या त्या दिवसांत घराबाहेर पडत नाही. डोक्यावर पांढरी ओढणी. मी म्हटलं, चाची, उद्या मला कॅनचं सांगावं लागेल. पण नाव नाही घेणार, स्थानिक मेकॅनिक एवढंच म्हणेन.

तिने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "नाव न्हाय घेतलंस तर लोक दुसऱ्या कोणाचं समजतील. गावात तीनच तर मेकॅनिक. त्या दोघांच्या पोरांनी काय केलंय?"

"लोक चाचांना बोलतील."

"बोलतील तर बोलतील. तो काय फरिश्ता होता? मी चाळीस वर्षं धुतलेत त्याचे कपडे, मला म्हाईत हाय काय होता तो." मग डोळे पुसून, जरा जरबेने, "पण पुरतं सांग. ओतत होता एवढ्यावर थांबलीस तर माझ्या दारात येऊ नको. कॅन उचलून आणून कंबर धरून बसायचा, ते पण सांग."

काल शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. आमची सगळी माणसं आली होती, कंपनीचीही. सुनावणी घेणारे साहेब मधोमध, शेजारी इतिवृत्त लिहिणारा कारकून. कंपनीचे वकील उठले आणि त्यांनी पहिलं काय काढलं असेल? माझं पत्रक. दोन बोटांत धरून, पहिला मुद्दा मोठ्याने वाचला. तो शब्द आला तसा हॉल हसला, आमची माणसंही हसली. मग त्यांनी एसीचं चित्र दाखवलं, पाण्याची वाट बाणांनी दाखवली, सगळं तुम्ही सांगितलं होतं तस्संच, आणि म्हणाले, "ज्यांना खारं पाणी आणि मैला यांतला फरक कळत नाही, त्यांचे बाकीचे अकरा मुद्देही याच दर्जाचे आहेत." अकराच्या अकरा खरे होते, चाचा. होड्या लावायची जागा, जवळा सुकवायची जागा, गाळ, सगळे. एका ओळीने ते त्यांनी टोपलीत टाकले. तुम्ही हे महिनोन्‌महिने सांगत होतात.

नितेश माझ्या कानात कुजबुजला, "म्हण आपण छापलंच न्हाय. कोणीतरी बनावट छापलं." त्याचे डोळे विनवत होते. आणि दोन क्षण, तुमच्यापासून काय लपवायचं, मला ते पटलं.

मी उठले. म्हटलं, पत्रक मीच लिहिलंय. पहिला मुद्दा खोटा आहे. मी न तपासता लिहिला. त्या याटवरच्या खलाशांची आणि त्यांच्या घरच्यांची मी सगळ्यांसमोर माफी मागते. हॉलमध्ये कोणीतरी शिट्टी मारली. समितीतले दोघं उठून बाहेर गेले. मी म्हटलं, आता त्या जागी खरा मुद्दा सांगते, आणि सांगितला. तुमचं नाव घेऊन. ओतलेलं सांगितलं, मेलेली कालवं सांगितली, उन्हानं म्हणालात तेही सांगितलं. मग सोडा, कॅन, स्कूटर, कंबर. म्हटलं, एका माणसाला एवढ्या बोटींचं अ‍ॅसिडचं पाणी कुठे टाकायचं ते कोणी सांगू शकलं नाही. उद्या जेट्टीवर ओळीने याट लागतील. त्यांचं कुठे जाणार? आराखड्यात ते कोणत्या पानावर आहे?

साहेबांनी वकिलांकडे बघितलं. वकिलांनी पानं चाळली. बराच वेळ चाळली. "नंतर लेखी देऊ," म्हणाले.

निकाल काय लागेल माहीत नाही. मी जिंकले असं लिहिणार नाही. तुमचा पुतण्या दाराशी उभा होता, मी बाहेर येताना त्याने तोंड फिरवलं. मेलेल्या माणसाची अब्रू घेतली, असं मागे कोणीतरी बोललं. पारूमावशी पायरीवर बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"उन्हानं एकाच दगडावरची कालवं मरतात काय गो?" ती म्हणाली. "मला तेव्हाच ठाव होतं, खोटं बोलतोय."

"मग विचारलं का नाहीस परत?"

"मान खाली घालून बोलला. तेवढं पुरं झालं मला." मग पदर झटकून उठत, "पण तो येऊन सांगल म्हणून मी वाट बघत होते. जीव गेला त्याचा, पण आला न्हाय."

ते येणार होते मावशी, मीच येऊ नका म्हटलं. हे मी तिला सांगितलं. ती पायरी उतरून निघून गेली. चाचा, मला माफ करा. तुमच्यासमोर मी घोळ झाला म्हणाले, बघू म्हणाले, भाषेवर ढकललं. चूक माझी होती, हे साधं वाक्य तुमच्या जिवंतपणी माझ्या तोंडून निघालं नाही.

हॉल रिकामा होत होता तेव्हा कारकुनाने मला बोलावलं. इतिवृत्तात माझं म्हणणं लिहून घेतलं होतं, त्यावर सही हवी होती. एका ओळीवर त्याचं पेन अडलं होतं.

"हे इस्माईल कोण? तक्रारदार लिहू, की ज्याच्यावर तक्रार आहे तो?"

"साक्षीदार लिहा."

"तुम्ही तर म्हणालात, ते वारले."

"त्यांनी सगळं सांगून ठेवलंय. मी ऐकलंय. लिहा."

त्याने मान हलवली, मला समजवावं की नको असं क्षणभर बघितलं आणि लिहिलं. मी कागद ओढून घेऊन पहिल्या ओळीपासून वाचला. घाईत तुमचं नाव 'इस्माल' झालं होतं. ते खोडून नीट लिहायला लावलं. मग सही केली.